लोकतत्त्व, छापील संहिता आणि हेवी मेटल : एका संगीतप्रकाराची पूर्वपीठिका

‘लोक’ ही संज्ञा मराठी समीक्षेने इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी वापरली आहे की तिचा नेमका रोख हरवण्याचा धोका नेहमीच असतो. रा. चिं. ढेरे यांच्या लेखनात ती दैवतकथा आणि विधी यांच्याशी बांधलेली आहे; भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीत ती भूमी आणि भाषा यांच्याशी येते; लोकरंगभूमीच्या अभ्यासात ती प्रयोगाशी निगडित होते. या सर्व वापरांत एक गृहीतक समान असते. लोकपरंपरा ही आधीपासून तेथे आहे आणि आधुनिक कलावंत तिच्याकडे वळतो किंवा परततो, असे ते गृहीतक होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उदयाला आलेला, लोकसंगीताचा संस्कार असलेल्या हेवी मेटलचा प्रकार या गृहीतकाची चांगली परीक्षा पाहतो. कर्कश, विजेवर चालणारे आणि कारखानी शहरांत जन्मलेले हे संगीत लोकपरंपरेपर्यंत पोहोचले कोणत्या वाटेने, हा प्रश्न संगीताच्या इतिहासाचा आहेच. पण तो तितकाच संहितेच्या इतिहासाचाही आहे.

या प्रकाराचे रूढ इतिहास वाद्ये मोजतात. व्हायोलिन प्रथम कोणी आणले, बासरी कोणी, असा त्यांचा क्रम असतो. त्यानुसार आरंभाचा मान बहुधा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९९० साली स्थापन झालेल्या ‘स्कायक्लॅड’ या बँडला मिळतो. १९९१ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘द विडरशिन्स जिग’ या गीताकडे पहिले उदाहरण म्हणून बोट दाखवले जाते; पुढच्याच वर्षी एक व्हायोलिनवादक स्त्री बँडची सभासद झाली. हा तपशील बरोबरच आहे. मात्र वाद्यांच्या आधी नावाकडे पाहिले तर वेगळेच काही हाती लागते. ‘स्कायक्लॅड’ म्हणजे आकाश हेच ज्याचे वस्त्र आहे तो. हा इंग्रजी शब्द भारतविद्येच्या ग्रंथांत ‘दिगंबर’ या शब्दाचे भाषांतर म्हणून वापरला जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास जेरल्ड गार्डनर यांनी इंग्लंडमध्ये प्रचलित केलेल्या नव्या जादूपंथात तो विधीतील नग्नतेसाठी आला आणि तेथून या बँडने तो उचलला. गार्डनर यांची उमेदीची वर्षे श्रीलंका आणि मलाया येथे गेली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे. ज्या कोल्हापूर परिसरात दिगंबर जैनांची वस्ती शतकानुशतके आहे आणि लक्ष्मीसेन मठासारखे पीठ आहे, तेथील वाचकाला या प्रवासाची गंमत अधिक जाणवेल. इंग्लंडच्या मातीतले प्राचीनत्व सांगू पाहणारे नाव प्रत्यक्षात एका संस्कृत शब्दाचे ग्रांथिक भाषांतर निघते.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण या प्रकाराच्या मुळाशी जेथे जेथे खणावे तेथे तेथे पुस्तकच लागते. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश बॅलड्सचा महासंग्रह सिद्ध केला. त्यात ३०५ बॅलड्स पाठभेदांसह आहेत. चाली फारच थोड्या. हस्तलिखिते आणि जुने छापील कागद हाच चाइल्डचा मुख्य आधार होता. सेसिल शार्प याने १९०३ साली सॉमरसेटमध्ये एका माळ्याच्या तोंडचे गाणे टिपून घेतले आणि तेथून त्याच्या संकलनाला आरंभ झाला. त्याने चाली टिपल्या, पण त्या पियानोच्या साथीने शाळांत शिकवता येतील अशा बेताने प्रसृतही केल्या. त्याच्या नावाने लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेच्या ग्रंथालयात ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडचा ॲश्ली हचिंग्ज १९६९ साली सामग्री शोधत होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या ‘लीज अँड लीफ’ या ध्वनिमुद्रिकेत ‘टॅम लिन’ आणि ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ही चाइल्डच्या संग्रहात क्रमांकासह नोंदलेली बॅलड्स विजेच्या गिटारवर आली. याच बँडची गायिका सँडी डेनी १९७१ साली ‘लेड झेपलिन’च्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेत पाहुणी म्हणून गायली. झेपलिनने त्याआधीच, १९७० मध्ये, ‘गॅलोज पोल’ हे फाशीच्या दोराखाली उभ्या असलेल्या जिवाचे जुने बॅलड मांडले होते. माळ्याचा गळा, संग्राहकाची वही, ग्रंथालय, विजेची गिटार : दुवे इतके स्पष्ट आहेत.

या साखळीत ‘ब्लॅक सॅबथ’ बसत नाही आणि म्हणूनच त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेला टोनी आयोमी, बोटांवर टोपणे चढवून आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. त्यातून आलेला जड, खालच्या पट्टीतला नाद हेवी मेटलचा पाया मानला जातो. १९७० चा हा नाद कोणत्याही संग्रहातून आलेला नाही. त्याला यंत्राशी झालेल्या कामगाराच्या गाठीची पार्श्वभूमी आहे. लोकसंगीत म्हणजे श्रमणाऱ्यांच्या जगण्यातून निघालेले संगीत, ही व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर हा नादच लोकसंगीताच्या अधिक जवळचा म्हणावा लागेल. पण वीस वर्षांनी त्यात जे ‘लोक’ म्हणून मिसळण्यात आले ते मात्र ग्रामीण, प्राचीन आणि छापील होते.

फिनलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. एलियास ल्योनरोट या वैद्याने कारेलियातील गायकांकडून गीते टिपली, त्यांची जुळणी केली, सांधे भरले आणि १८३५ साली ‘कालेवाला’ प्रसिद्ध केले. १८४९ च्या विस्तारित आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. अर्हिप्पा पेर्टुनेन यांच्यासारखे त्याचे श्रेष्ठ गायक फिनलंडच्या सीमेपलीकडे, रशियन कारेलियात राहत होते. राष्ट्रीय महाकाव्य उभे राहिले एकीकडे आणि त्याचे गळे राहिले दुसरीकडे. हेलसिंकीच्या ‘अमॉर्फिस’ने १९९४ साली ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’मध्ये या काव्यातील प्रसंग घेतले, तेही इंग्रजी भाषांतरातून; १९९६ च्या ‘एलिजी’मध्ये ल्योनरोटच्याच ‘कांतेलेतार’ या भावगीतसंग्रहातील गीते घेतली, तीही इंग्रजीतूनच. फिन्निश तरुणांनी फिन्निश गीते परभाषेतून गावीत, यात बाजारपेठेचा वाटा अर्थातच आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते उच्चारणाचे. या गायनाचा मोठा भाग घशातून काढलेल्या गुरगुरीत आहे. शब्द कानाला कळत नाहीत. श्रोता ते ध्वनिमुद्रिकेसोबतच्या पत्रिकेत वाचतो. मुखातून कागदावर गेलेली कविता पुन्हा मुखात आली खरी, पण ती समजण्यासाठी पुन्हा कागदच लागतो.

स्वीडनच्या ‘बाथरी’ने १९८८ च्या ‘ब्लड फायर डेथ’ आणि १९९० च्या ‘हॅमरहार्ट’मध्ये नॉर्स पुराणविश्व आणले, लोकवाद्यांची तेथे गरज भासली नाही. डब्लिनच्या ‘क्रूआखन’ने १९९५ साली आयरिश दैवतकथांसोबत लोकवाद्येही आणली. ब्राझीलच्या ‘सेपुल्तुरा’चे १९९६ चे ‘रूट्स’ मात्र वेगळे काढावे लागते. त्यातील काही भाग शावांते या आदिवासी जमातीच्या वस्तीत, त्यांच्यासह ध्वनिमुद्रित झाला. तेथे ‘लोक’ संग्रहात बंद नव्हते, समोर उभे होते. त्यामुळे युरोपीय उदाहरणांत न उद्भवलेला प्रश्न तेथे उद्भवला : हे संगीत कोणाचे?

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न टाळताच येत नाही. संग्रहाचा टप्पा मराठीनेही गाठला होता. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ॲकवर्थ यांनी १८९४ मध्ये त्यांतील काहींचे इंग्रजी पद्यांतर ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने केले. (मुंबईच्या वडाळ्याचे कुष्ठरुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हेच ॲकवर्थ.) चाइल्डचा संग्रह खंडशः बाहेर पडत होता त्याच वर्षांतले हे काम आहे, आणि पोवाड्याला ‘बॅलड’ म्हणण्यामागे तीच दृष्टी आहे. १९२८ साली य. न. केळकर यांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ आले. म्हणजे अफझलखानवधावरील अज्ञानदासाच्या आणि सिंहगडावरील तुळशीदासाच्या पोवाड्यांना छापील संहितेचे स्थैर्य लाभले होते. सामग्री तयार होती. तरीही मराठीत पोवाड्याची गत ‘टॅम लिन’सारखी झाली नाही, कारण पोवाडा ग्रंथालयात जाऊन थांबला नाही. संग्रहाच्या बावीस वर्षे आधीच, १८६९ साली, जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांवर पवाडा रचून या रूपाचा ताबा एका नव्या वादासाठी घेतला होता. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांनी कोल्हापुरात हे रूप प्रत्यक्ष फडावर राखले. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला; १९४४ साली साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. वोल्गेच्या काठचे युद्ध डफ-तुणतुण्यावर आले आणि कोणाला ते विजोड वाटले नाही. जिवंत रूप परका आशय पचवते. संग्रहातील रूपाला मात्र वाहून नेणारे दुसरे वाहन लागते.

पोवाडा आणि मेटल यांच्या वरवरच्या साम्याने फसू नये. चढा स्वर, युद्धवर्णन, तुणतुण्याचा अखंड सूर, झीलकऱ्यांचा पुरवलेला जोर ही साम्ये कानाला पटकन जाणवतात. फरक शब्दाशी असलेल्या नात्याचा आहे. शाहिराचे शब्द शेवटच्या रांगेला कळले पाहिजेत. म्हणून तो मध्येच थांबून गद्यात कथन करतो, प्रसंग समजावतो, श्रोत्यांना विचारतो. ‘अमॉर्फिस’च्या गायकावर असे बंधन नाही. एकाचा आवाज अर्थ पोहोचवण्यासाठी चढतो, तर दुसऱ्याचा आवाज अर्थाला आपल्यात बुडवून घेतो.

नादाच्या अंगाने पाहायचे तर मेटलशी तुलना व्हावी ती कोल्हापूरच्या हलगी-घुमके-कैताळाची. शेकोटीवर तापवून ताणलेल्या हलगीचा कडकडाट, खाली घुमक्याचा खर्ज आणि वर कैताळाचा धातूचा झणत्कार हा मेळ खासबागेच्या कुस्तीमैदानात किंवा मर्दानी खेळाच्या रिंगणात ऐकला की ध्वनिवर्धकाविना शरीर हादरवणारा नाद म्हणजे काय ते कळते. येथे शब्द नाहीत, त्यामुळे संग्राहकाच्या हाती काही लागले नाही. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने गीते, कथा, म्हणी, उखाणे जमवले. हलगीचे ठेके मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. या दुर्लक्षाचे एक कारण अभ्यासाच्या शब्दकेंद्री पद्धतीत आहे. दुसरे कारण अधिक अवघड आहे. हलगी परंपरेने मातंग समाजाच्या हाती राहिली. गावगाड्यात ती वाजवणे ही कला म्हणून गणली जात नव्हती. ते गावकीचे काम होते आणि नकार देण्याची मुभा त्यात नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली त्यामागे अशा बांधील कामांतून सुटकेचा विचार होता. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. मधल्या काळात आंबेडकरी चळवळीने मेलेली जनावरे ओढण्याबरोबरच गावासाठी वाद्य वाजवणेही नाकारायला शिकवले. वाद्य खाली ठेवणे हीच येथे आत्मसन्मानाची कृती होती.

‘मुळांकडे परतणे’ ही कल्पना या भूमीवर आणली की तिचा निरागसपणा टिकत नाही. न्यूकॅसलच्या वादकाने व्हायोलिन उचलले तेव्हा त्या व्हायोलिनला कोणाचे बलुते चिकटलेले नव्हते. हलगी उचलणाऱ्या मराठी तरुणाला मात्र, तो कोणत्या घरातला आहे त्यानुसार, दोन अगदी वेगळ्या गोष्टी कराव्या लागतात : एकाला आजोबांनी सोडलेले ओझे पुन्हा हाती घ्यावे लागते, दुसऱ्याला जे कधी आपले नव्हते ते मागून घ्यावे लागते. देशीयतेच्या चर्चेत हा भेद क्वचितच स्पष्ट होतो.

मुंबईच्या मेटलने ही अडचण सोडवली नाही. ती वळसा घालून गेली. १९८४ साली स्थापन झालेल्या आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलेल्या ‘रॉक मशीन’पासून, १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवापर्यंत मुंबईतील या संगीताची भाषा प्रामुख्याने इंग्रजीच राहिली. ‘भयानक मौत’सारखे देशी नाव धारण करणाऱ्या बँडचे गायनही मुख्यतः इंग्रजीतच आहे. २००० साली स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७ मध्ये भारतीय आशयाची सलग ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा तिचा विषय होता ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गीत, मेटलच्या जोडीला भारतीय वाद्ये आणि भाषा इंग्रजी. कोकणच्या दशावतारी खेळाशी या रचनेचा नावापलीकडे संबंध नाही; तिचे मूळ पुराणात आहे. जात आणि गाव ज्याला चिकटलेले आहे ते लोकतत्त्व बाजूला राहते आणि कोणाकडे मागावे न लागणारी, सर्वत्र भाषांतरित झालेली पुराणकथा त्याची जागा घेते. ‘अमॉर्फिस’ने ल्योनरोटपाशी जे केले त्याचीच ही भारतीय आवृत्ती म्हणता येईल, फरक इतकाच की पेर्टुनेन यांचा गळा १८४१ साली थांबला होता, आणि खासबागेत हलगी अजून तापवली जाते.