जुन्या इमारतीचे फोटो, टेकूंसकट

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असे सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मला हसू आले. पंचवीस वर्षांत इतिहास तो कसला? एक बोअरवेल, दोनदा रंग आणि पार्किंगवरून झालेली भांडणे. पण आपल्यापैकी बरेचजण २००० साली इथे मुलुंडला आलो ते दादर, परळ, गिरगावच्या जुन्या जागा सोडून. मी त्यातलाच. माझा जन्म शिवाजी पार्कजवळच्या एका तीन मजली इमारतीत झाला आणि वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षापर्यंत मी तिथेच राहिलो. तिचे ११४ फोटो माझ्याकडे आहेत. इमारत आता नाही. तेव्हा इतिहास लिहायचाच तर तिचा लिहितो.

आमचा तो भाग फार जुना नव्हे. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, त्यानंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या शहराला उत्तरेकडे मोकळी जागा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. शिवाजी पार्कचे मैदान नगरपालिकेने १९२५ साली खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. मैदानाच्या आजूबाजूच्या इमारती उठल्या त्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. दगडी भिंती आणि लाकडी तुळया मागे पडून सिमेंट-काँक्रीट आले होते. काँक्रीटला हवा तसा बाक देता येतो, म्हणून गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडक्यांवरून सलग पट्टीसारखे फिरणारे छज्जे, जिन्याला खालपासून वरपर्यंत काचेची उभी पट्टी.

या धाटणीला आर्ट डेको म्हणतात. हे नाव १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून आलेले, पण रूढ झाले १९६० नंतर. म्हणजे ज्यांनी आमची इमारत बांधली त्यांनाही आपण आर्ट डेको बांधतोय याचा पत्ता नसणार! मरीन ड्राइव्हवरचे 'सूना महाल' १९३७ चे, जी. बी. म्हात्रे या मराठी आर्किटेक्टचे. २०१८ साली मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या अशा इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. आमची इमारत म्हणजे त्यांची दादरला दिलेली गरीब मावसबहीण. पण नाकडोळे तेच.

२०११ साली पुनर्विकासाचे नक्की झाले. माझे थोरले बंधू तोवर गेले होते, जागेत वहिनी एकट्याच होत्या. त्यांचा फोन आला, "भाऊजी, तुमच्याकडे मुलाने दिलेला कॅमेरा आहे ना? पाडायच्या आधी घराचे फोटो काढून ठेवा." लागोपाठ दोन रविवार गेलो.

पहिल्या रविवारी मी अगदी कलाकाराच्या थाटात होतो. जिन्याच्या पिवळ्या-हिरव्या काचांतून सकाळी साडेआठच्या सुमारास ऊन पायऱ्यांवर उतरते, हे त्या घरात अठ्ठेचाळीस वर्षे काढून मला त्या दिवशी कळले. सागवानी कठडा खाली शंखासारखा वळलेला. ज्या कडेवरून हात जातात तेवढीच काळीभोर आणि गुळगुळीत, बाकी लाकूड फिकट. लोखंडी ग्रिलमध्ये उगवता सूर्य आणि खाली लाटा. लहानपणी आम्ही त्या सूर्याच्या किरणांत पाय अडकवून बाहेर लोंबायचो, पण तो सूर्य आहे हे कधी डोक्यात आले नव्हते. दारावर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत १९३८ हे साल. त्यातला ३ अर्धा पडलेला, म्हणून मी तो आकडा तिरका धरून घेतला.

संध्याकाळी फोटो वहिनींना दाखवले. चष्मा लावून त्यांनी एकेक पाहिला आणि म्हणाल्या, "टेकू कुठे गेले?"

मी म्हटले, ते मुद्दाम टाळले. टेकू, निळी ताडपत्री, वायरींचा गुंता, सगळे चौकटीबाहेर ठेवले, म्हणजे इमारत सुंदर दिसते.

"सहा वर्षं त्या टेकूंना वळसा घालून मी दूध आणलंय," त्या म्हणाल्या. "ते नसतील तर ही कुणाची इमारत आहे?"

दुसऱ्या रविवारी मी सगळे काढले. माझ्याकडच्या ११४ पैकी ७१ फोटो त्या दिवशीचे आहेत. पोपडे, छताच्या उघड्या पडलेल्या सळ्या, गच्चीवरचे पिंपळाचे रोप. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते आणि आपल्याच अंगावरचे काँक्रीट ढकलून देते. छत पडते ते आतून.

हे इतके का झाले, त्याचा हिशेब बँकवाल्याला न जमायला काय झाले? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. युद्धाच्या आणि फाळणीच्या धामधुमीत ते गरजेचेही होते. पण तो बांध सुटायला २००० साल उजाडावे लागले. आमच्या दोन खोल्यांचे भाडे ४२ रुपये. बारा बिऱ्हाडांचे महिना ५०४. यात मालक गच्ची कशी दुरुस्त करणार होता?

१९८६ साली म्हातारे मालक स्वतः जिना चढून आले. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे म्हणून बिऱ्हाडामागे ७५० रुपये मागितले. भाडेकरूंची बैठक आमच्याच घरी झाली. नकाराचे पत्र मी लिहिले, कारण इंग्रजी माझे चांगले आणि मी बँकेत अधिकारी. कायद्याचा आधार, दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, सगळे मुद्दे बिनचूक. बाराही जणांनी सह्या केल्या, दादांनी पाठ थोपटली. त्याच महिन्यात मी कर्ज काढून रंगीत टीव्ही आणला होता. मालक पुन्हा आले नाहीत. गच्ची गळत राहिली, आणि पहिला टेकू लागला तो बरोबर आमच्या छताखाली.

त्या खोलीचा फोटो आहे. टेकूच्या मागे भिंतीवर टीव्हीच्या स्टँडचे दोन खिळे दिसतात.

२०१२ मध्ये इमारत रिकामी झाली, पुढच्या वर्षी पाडली. वहिनी आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर असतात. लिफ्ट उत्तम आहे, पाणी चोवीस तास आहे आणि त्या सुखात आहेत, हेही लिहिले पाहिजे. कठड्याचा तो शंखासारखा तुकडा पाडणाऱ्यांकडून मी दोनशे रुपयांना घेतला. तो माझ्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आहे, येऊन बघा.

जाता जाता एक विनंती. हा लेख लिहिताना मी आपल्या सोसायटीचे जुने फोटो शोधले. २००० सालचा, ताबा मिळाला त्या वेळचा, ऑफिसात एकही नाही. कुणाच्या अल्बममध्ये वास्तुशांतीच्या किंवा मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे जिना, गेट, गच्ची आली असेल तर एक प्रत सेक्रेटरींकडे द्यावी. सी विंगच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात ओल आली आहे, तिचाही एक काढून ठेवा, तारीख घालून.