बेने इस्रायल कुटुंबातील दत्तक मूल आणि नागरिकत्वाचा हक्क

कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेला, घरात मराठी बोलणारा आणि पेणकर, केहीमकर अशी गावांवरून आलेली आडनावे लावणारा बेने इस्रायल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग येथे राहिलेल्या अनेक कुटुंबांचे आप्त आज तिकडे आहेत. अशा घरात मूल दत्तक आले, की त्याच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : भारतीय कायद्यात ते अपत्य आहे काय, इस्रायलच्या कायद्यात त्याला प्रवेश आहे काय आणि धर्मशास्त्र त्याला ज्यू मानते काय.

भारतातील स्थिती

१९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरताच आहे. ज्यू, ख्रिस्ती, पारशी व मुस्लिम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे ज्यू दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान होताच ते संपुष्टात येई आणि मृत्युपत्राखेरीज वारसा मिळत नसे. सर्वधर्मीयांसाठी १९७२ मध्ये मांडलेले विधेयक विरोधामुळे तडीस गेले नाही.

बाल न्याय कायदा, २००० आणि त्यातील २००६ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले, की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस या कायद्याखाली दत्तक घेता येते. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार दत्तक मूल सर्व दृष्टींनी दत्तक आईवडिलांचे अपत्य ठरते; वारसाहक्कही त्यात आला.

इस्रायलचा कायदा

१९५० च्या 'परतीच्या कायद्या'ने प्रत्येक ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क दिला. १९७० च्या दुरुस्तीने ज्यू म्हणजे ज्यू मातेपोटी जन्मलेली किंवा धर्मांतरित आणि अन्य धर्म न स्वीकारलेली व्यक्ती, अशी व्याख्या केली. शिवाय ज्यूंचे जोडीदार, मुले व नातवंडे यांनाही हक्क दिले. मात्र नागरिकत्व मिळाले म्हणजे धार्मिक मान्यता मिळाली, असे नव्हे.

दत्तक मुलाची जन्मदात्री ज्यू नसेल, तर केवळ दत्तकविधानाने ते धर्मशास्त्रानुसार ज्यू होत नाही. त्यासाठी तीन सदस्यांच्या धर्मन्यायालयापुढे विधी व स्नान आवश्यक असते, मुलग्याची सुंताही करावी लागते. लहानपणी धर्मांतरित झालेल्यास वयात आल्यावर ते नाकारण्याची मुभा असते. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्याने हा प्रश्न बहुधा लग्नाच्या वेळी ऐरणीवर येतो. बेने इस्रायलांत पूर्वापार रब्बी नसून हज्जान प्रार्थना चालवीत आले आहेत. त्यामुळे मान्यताप्राप्त धर्मांतराची व्यवस्था आधीच पाहावी लागते.

जुना अनुभव

कागदपत्रांच्या अभावी काय घडते, हे या समाजाने सोसले आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या रब्बी मंडळाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा निर्देश काढला. समाजाच्या आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर निर्देशातील समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला.

पालकांनी काय करावे

दत्तक घेतल्याने मुलाचे भारतीय नागरिकत्व बदलत नाही. परंतु स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार ते संपते. परदेशस्थ दांपत्याने भारतातून मूल दत्तक घेतल्यास १९९३ च्या हेग कराराची प्रक्रिया लागू होते. भारत व इस्रायल दोघेही या कराराचे सदस्य आहेत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र त्यात अनिवार्य असते. दत्तक आदेशाची साक्षांकित प्रत, नवा जन्मदाखला आणि धर्मांतराचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे मूल लहान असतानाच सिद्ध ठेवावीत. उद्या त्याच्या हक्काची मदार त्यांच्यावरच असते.