धारणा, औद्योगिक प्रशिक्षणातील

कामाच्या ठिकाणी प्रौढ व्यक्तीस दिलेले ज्ञान व कौशल्य प्रशिक्षणानंतरही टिकून राहणे आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडणे, यास औद्योगिक प्रशिक्षणातील धारणा म्हणतात. शाळेतील विद्यार्थी शिकलेल्या भागावर लवकरच परीक्षा देतो; कामगारास मात्र शिकलेली कृती कित्येकदा अनेक महिने करावी लागत नाही आणि करावी लागते तेव्हा चुकीला वाव नसतो. धारणेविषयीचे ज्ञान प्रयोगशाळा व कारखाना अशा दोन स्वतंत्र मार्गांनी वाढत गेले.

विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी केले. निरर्थक शब्दावयवांच्या मालिका स्वतः पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना वेळेची किती बचत होते, हे त्यांनी तपासले. ही बचत एका तासानंतर सुमारे ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के व ३१ दिवसांनंतर २१ टक्के आढळली. विस्मरण प्रारंभी वेगाने व पुढे मंदगतीने होते, हे यावरून दिसून आले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील आणखी एक निष्कर्ष प्रशिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे : एकाच वेळी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले.

कारखान्यांत हा प्रश्न युद्धकाळात निकडीचा झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजबांधणी उद्योगाला नवख्या कामगारांची मोठी भरती करावी लागली. त्यांच्या प्रशिक्षणाशी संबंधित असलेल्या चार्ल्स ॲलन यांनी पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन व परीक्षण अशी चार पायऱ्यांची पद्धत १९१९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तिच्या आधारे, १९४० मध्ये चॅनिंग डूली यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी सेवेने पर्यवेक्षकांसाठी दहा तासांचा अभ्यासक्रम आखला. निदेशकाने कामाचे टप्पे व प्रत्येक टप्प्यातील मर्मस्थाने आधी निश्चित करावीत. काम करून दाखविल्यावर शिकणाऱ्याकडून ते करवून घ्यावे. ते पुन्हा करताना मर्मस्थाने त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत. त्यास स्वतंत्रपणे काम दिल्यावर अडचणीच्या वेळी कोणास विचारावे हे सांगावे आणि प्रारंभी वारंवार व पुढे क्रमाने कमी वेळा तपासणी करावी, असे त्यात सांगितले होते. कामगार काम शिकला नाही, तर तो शिकविण्यातील दोष मानावा, ही या पद्धतीची भूमिका होती. १९४५ मध्ये ही सेवा बंद झाली, तोवर सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख व्यक्तींना तिची प्रमाणपत्रे मिळाली होती. युद्धानंतर जपानी उद्योगांनी ही पद्धत स्वीकारली.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष कामावर कितपत लागू पडतात, याची कसोटी ब्रिटिश टपाल खात्यात लागली. ॲलन बॅडली व लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टपाल कर्मचाऱ्यांच्या चार गटांना कळफलक शिकविण्यात आला. रोज एक तास शिकणाऱ्या गटास त्यासाठी सुमारे ३५ तास, तर रोज चार तास (दोन तासांची दोन सत्रे) शिकणाऱ्या गटास सुमारे ५० तास लागले. काही महिन्यांनी घेतलेल्या चाचण्यांतही चार तासांचा गट मागे पडला. तथापि सर्वांत कमी समाधानी होता तो रोज एक तास शिकणारा गट. कारण दिवस अधिक लागल्याने आपण मागे पडत आहोत, असे त्यातील कर्मचाऱ्यांना वाटे. शिकणाऱ्याचे समाधान हे धारणेचे विश्वसनीय माप नव्हे, हे येथे स्पष्ट झाले. रोज एकच तास शिकविल्यास अभ्यासक्रम कित्येक आठवडे लांबतो, ही व्यवस्थापनाची अडचणही खरी आहे.

हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतही (२००६) असाच भ्रम आढळला. उतारा वारंवार वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर ८३ टक्के भाग आठवला, तर एकदा वाचून पुढे तो केवळ आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र हे प्रमाण अनुक्रमे ४० व ६१ टक्के झाले. आठवून पाहण्याची क्रिया स्मरण तपासते, तसेच ते दृढही करते. युद्धकाळातील निदेशक मर्मस्थाने वदवून घेत, त्यातही आठवण्याचा असाच सराव घडत असे.

या ज्ञानाची उपेक्षा जिवावर बेतू शकते. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबून व त्यास कृत्रिम श्वास देऊन जीव वाचविण्याचे कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच लक्षणीय प्रमाणात घटते. ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’चे प्रमाणपत्र मात्र दोन वर्षे ग्राह्य असते. म्हणून काही रुग्णालयांत परिचारिका व डॉक्टर यांच्याकडून दर काही महिन्यांनी, कामाच्या जागीच, थोडा वेळ सराव करवून घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. प्रशिक्षणाच्या अखेरीस घेतलेली परीक्षा तत्कालीन कामगिरी दाखविते. धारणा तपासावयाची असल्यास काही काळ जाऊ देऊन पुन्हा परीक्षा घ्यावी लागते.