सिमल्यात जन्मलेला महासंघ

मुलूख सोडून दूर आल्यावर संस्था काढणे व ती टिकविणे किती जिकिरीचे असते, हे आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांस सांगावयास नको. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा इतिहास चाळताना आम्हांस पदोपदी याची आठवण होत होती.

१८९३ साली कलकत्त्यात इंडियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. नाव साऱ्या हिंदुस्थानचे, पण कारभार बंगालचा. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून तिची ढाल जिंकली आणि फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे समीकरणच होऊन बसले. वास्तविक मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ पासून होत होते. सिमल्यातील ड्युरँड स्पर्धा त्याहूनही जुनी. इतर प्रांतांस कलकत्त्याचे वर्चस्व सलू लागले यात नवल ते काय? अखेर २३ जून १९३७ रोजी सिमल्यास लष्करी मुख्यालयात सहा संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि महासंघ जन्मास आला. पुढे १९४१ साली आंतरप्रांतीय सामन्यांसाठी संतोष चषक दिला, तो मात्र त्याच कलकत्त्याच्या संघटनेने!

१९४८ साली महासंघ फिफाचा सभासद झाला. १९५० च्या विश्वचषकास आपला संघ ब्राझीलला गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून गेला नाही, ही कथा आम्हीही वडीलधाऱ्यांकडून ऐकली व पुढे आमच्या मुलांना सांगितली. ती खरी नव्हे. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्यास यजमान तयार होते. महासंघाने सरावास अपुरा वेळ, संघनिवडीतील मतभेद अशी कारणे दिली. आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातब्बरी त्या काळी कुणास फारशी वाटत नव्हती. खेळाडू कमी पडले नाहीत, हे पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाने दाखविले. रहीमसाहेबांच्या तालमीत मेलबर्नला १९५६ साली चौथा क्रमांक आणि १९६२ साली जाकार्तास पुन्हा सुवर्णपदक मिळाले.

महासंघाचे काम नियम, नोंदणी, पंच, स्पर्धा आणि राष्ट्रीय संघ सांभाळण्याचे. पण २०२२ साली निवडणुका रखडल्या, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली, आणि बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाल्याचे सांगून फिफाने ऑगस्टमध्ये महासंघास निलंबित केले. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात व्हावयाचा होता. तोही हातचा जाण्याची वेळ आली. वडिलांच्या भांडणात मुलींचे मैदान जावे, याहून लाजिरवाणे काय? न्यायालयाने समिती बरखास्त केल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठले, आणि ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे त्या मुली खेळल्या.