वैयक्तिक माहिती व्यवस्थापनाच्या आज्ञावली आणि मराठी

डायरी, पत्त्यांची वही आणि कामांची यादी संगणकावर एकत्र ठेवण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात सुरू झाला. 'बोरलँड'च्या 'साइडकिक'नंतर १९८८ मध्ये 'लोटस'ने 'अजेंडा' ही आज्ञावली आणली. मिच केपॉर हे तिच्या रचनाकारांपैकी एक. आधी टिपण करावे, वर्गवारी मागाहून, हे तिचे तत्त्व. एकच नोंद व्यक्ती, विषय व तारीख अशा अनेक वर्गांत दिसे. 'पुढील मंगळवार' असे लिहिल्यास आज्ञावली तारीख स्वतः ठरवी. अर्थात, इंग्रजीत लिहिल्यासच.

त्याच वर्षी पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली. तिच्या 'जिस्ट' तंत्राने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. परंतु अक्षर उमटणे वेगळे आणि मराठी वाक्यातील वार ओळखणे वेगळे. हे दुसरे काम 'अजेंडा'च्या आवाक्यात नव्हते.

ऱ्हास मात्र झपाट्याने झाला. १९९३ मधील 'एको' ही जाणकारांची आवडती आज्ञावली होती. 'ऑफिस ९७'च्या संचातच 'आउटलुक' मिळू लागल्यावर तिच्यासाठी वेगळे पैसे कोण मोजणार? १९९७ मध्येच तिचा विकास थांबला. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, तेव्हा हा बहर ओसरला होता. मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला तो आलाच नाही.

नोंदींचे काय झाले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोडी दप्तरासाठी वाचक घडविता येतो. 'अजेंडा'ची फाइल उघडण्यास मुख्यतः 'अजेंडा'च लागते. केपॉर यांनी २००२ मध्ये जाहीर केलेल्या मुक्त 'चँडलर' प्रकल्पाची १.० आवृत्ती २००८ मध्ये निघाली. केपॉर त्यापूर्वीच बाहेर पडले होते.