हवेची कमान

हिंगोली जिल्ह्यांतील वारंगा फाटा हें ठिकाण नांवाप्रमाणेंच रस्त्यांच्या फाट्यावर वसलेलें आहे. अकोला, वाशीम, हिंगोलीकडून नांदेडला जाणारा मार्ग आणि लातूर, नांदेडकडून यवतमाळ, वर्धेकडे जाणारा मार्ग येथें एकमेकांस भेटतात. एकीकडून मालानें भरलेला ट्रक येतो, दुसरीकडून रिकामा ट्रक खडखडत येतो. रस्ता तोच, खड्डाही तोच. परंतु रिकाम्या ट्रकाचा चालक आसनावरून उसळतो आणि भरलेल्याचा त्या मानानें स्वस्थ बसतो. असें कां व्हावें, या साध्या प्रश्नांत वाहनांच्या कमानींचा दोनशें वर्षांचा इतिहास सांठवलेला आहे.

जुन्या बैलगाडीला कमान नव्हतीच. आंस गाडीच्या सांगाड्याशीं जखडलेला असे आणि दगडाचा धक्का चाकावाटे थेट बसणाराच्या पाठीस पोंचे. त्यावर उपाय एकच. खालीं कडबा आणि वर घोंगडी. इंग्लंडांत १८०४-०५ च्या सुमारास ओबडाया इलियट यानें घोडागाडीसाठीं पोलादी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान योजिली. पट्टीवर पट्टी रचून केलेल्या या जातीच्या कमानींनाच पुढें मोटारीनें आपलेंसें केलें. आपल्याकडील गॅरेजांत त्यांना ‘पाटे’ म्हणतात.

या पाट्यांचा एक स्वभावदोष आहे. बोजा बदलतो, पण पोलादाचा ताठपणा त्या प्रमाणांत बदलत नाहीं. भरल्या गाडीच्या मानानें पाटे केले तर रिकामी गाडी उसळते. रिकाम्या गाडीच्या मानानें केले तर भरलेली गाडी खालीं बसते. हा दोष घालविण्याचें सामर्थ्य हवेंत होतें.

हवेनें प्रथम चाकांत प्रवेश केला. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें हवाभरल्या धांवेचें पेटंट घेतलें, परंतु तें व्यवहारांत रुजलें नाहीं. १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यानें मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच कल्पना पुन्हां शोधून काढली आणि ती जगभर पसरली. १९०१ सालीं अमेरिकेंत विल्यम हंफ्रीज याला खुद्द हवेच्या कमानीचें पेटंट मिळालें. आंस आणि सांगाडा यांच्यामध्यें रबराची पिशवी बसवावयाची, बोजा वाढला कीं तींत अधिक हवा भरावयाची आणि तो उतरला कीं ती सोडावयाची. दाब वाढला कीं कमान आपोआप ताठ होते, कमी झाला कीं नरम होते. गाडीची उंची मात्र तीच राहते.

ही युक्ति कोणाच्या खरोखर उपयोगी पडली, हें पाहण्यासारखें आहे. १९५३ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सनें लांब पल्ल्याच्या बसला हवेच्या कमानी बसविल्या आणि तेथें त्या टिकल्या. १९५७ सालीं त्याच कंपनीनें त्या एका श्रीमंती कॅडिलॅक मोटारीस दिल्या. परंतु गळतीच्या तक्रारींमुळें अनेक मालकांनीं त्या काढून पोलादी कमानी बसवून घेतल्या. कारण उघड आहे. चाळीस उतारू चढले कीं बसवर सुमारें अडीच टन भार वाढतो. मोटारींत चार माणसें बसली तर पाव टन. जेथें बोजा फार बदलतो, तेथेंच हवेची खरी गरज.

मराठवाड्यांतील प्रवासी हा लाभ उशिरां पाहूं शकला. हैदराबाद संस्थानांत निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं बससेवा सुरू केली. मुंबई राज्यांत १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. तो सारा काळ पाट्यांचा होता. २००१ सालीं व्होल्वोच्या बसगाड्या भारतांत आल्या, तेव्हां हवेच्या कमानीची ओळख सामान्य उतारूस झाली.

आतां खाजगी मोटारीसही हा संच बसवितां येतो. चार रबरी पिशव्या, हवा दाबणारा पंप, हवेची टांकी, नळ्या, झडपा आणि दाबमापक एवढें साहित्य पुरतें. गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर उचलावी. पिशवी चाकाच्या संपूर्ण वरखालीं होण्यांत कोठेंही घासूं नये. नळ्या धुराच्या तप्त नळीपासून दूर न्याव्या. पंपाच्या तारेंत फ्यूज असावा. शेवटीं प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडा आला कीं गळती समजावी. पंक्चरवाल्याच्या घमेल्यांतली हीच परीक्षा. शॉकअॅब्सॉर्बर मात्र काढूं नयेत, कारण हवा धक्का झेलते, पण त्यानंतरचे हेलकावे थांबवीत नाहीं.

यांत कायद्याचाही प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटीशीं विसंगत फेरफारास मनाई करतें आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. म्हणून आधीं नोंदणी अधिकाऱ्यास विचारावें, मग पान्हा हातीं घ्यावा. गाडी जमिनीलगत टेकवून मिरविण्याच्या हौसेपायीं सांधा सुटला, तर वळणावर तिचा तोल जातो आणि त्याची किंमत समोरून येणारालाही मोजावी लागते. हवेची कमान ओझें वाहणाराच्या सोयीसाठीं जन्मास आली. तिचा उपयोगही त्याच हेतूनें व्हावा, हें उचित.