आधी स्कॅन

(यातला मुलगा कल्पित आहे. औषधाचे आकडे आणि उपचारांचा क्रम खरा.)

दुपारी ४:४० — साडेअकरा तास बाकी
शाळेच्या पायरीवरून दहा वर्षांचा पोरगा घसरतो, डोकं खांबावर आपटतं. रक्ताचा थेंबही नाही, नुसतं टेंगूळ. वजन २५ किलो. तीव्र हिमोफिलिया 'ए', म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ एक टक्क्याहूनही कमी. आईचा भाऊ लहानपणी दात काढल्यावर गेला होता. तेव्हा त्या आजाराचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ६:००
मुलगा भाकरी खातो, हसतो. फसगत इथेच होते: मेंदूतला रक्तस्राव काही तास, कधी काही दिवससुद्धा गप्प राहू शकतो. डोक्याला मार म्हणजे थांबायचं नाही, हे आईला सांगितलेलं आहे. पण बाप ऊसतोडीला, शेवटची एसटी गेलेली आणि पोरगं तर खेळतंय.

रात्री ९:१५
डोकं दुखतंय. उलटी. शेजाऱ्याची जीप डिझेलसाठी अडते.

रात्री १०:४५ — फॅक्टर मिळायला जवळपास साडेपाच तास बाकी
तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. ड्युटीवर एकच डॉक्टर, सकाळपासून. आई पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं हिमोफिलियाचं कार्ड काढते.
"सायेब, ह्याला आधी फॅक्टर द्यायला सांगितलंय."
"ताई, आधी सीटी करून या. आत रक्त दिसलं तर देतील."
माणूस वाईट नाही. इतर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्याचा क्रम बरोबर ठरला असता. इथे तो उलटा आहे. डोक्याला मार लागलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाला फॅक्टर आधी, स्कॅन नंतर; नुसती शंका असली तरी. स्कॅन रक्त दाखवतं, थांबवत नाही. हिशेबही अवघड नाही: किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण दोन टक्के वाढते. शंभर टक्क्यांसाठी किलोमागे ५० युनिटं, म्हणजे या मुलाला १२५०. फॅक्टरची पावडर निर्जंतुक पाण्यात हलक्या हाताने विरघळवायची, शिरेतून द्यायची. काही मिनिटांचं काम. राज्यात अनेक जिल्हा रुग्णालयांतून हे औषध मोफत मिळतं. इथल्या फ्रिजमध्ये नाही. मग मागवायचं, निदान कार्डावरच्या हिमोफिलिया केंद्राच्या नंबरावर विचारायचं. तो फोन कुणी लावत नाही.

उलटी थांबावी म्हणून कमरेत इंजेक्शन दिलं जातं. हिमोफिलियात स्नायूत सुई टोचायची नसते. आता तिथेही रक्त साचू लागेल.

रात्री १:१०
अँब्युलन्स निघते. चिठ्ठीवर फक्त 'हेड इंज्युरी, सीटी'.

पहाटे ३:२०
जिल्हा रुग्णालय. चिठ्ठीप्रमाणे सीटीकडे. रांगेत दोन अपघाताचे. फॅक्टर वरच्या मजल्यावर आहे.

पहाटे ३:५०
स्ट्रेचरवरच झटका येतो. डावी बाहुली मोठी, प्रकाशाला दाद देत नाही. धावत येणाऱ्या निवासी डॉक्टर पोरीला आई पुन्हा कार्ड दाखवते. ती वाचते आणि जिन्याकडे पळते.

पहाटे ४:१०
१२५० युनिटं आत जातात. मुलगा हाकेला ओ देत नाही.

पहाटे ४:३५
सीटी. कवटीच्या आत डावीकडे रक्ताची मोठी गाठ, मेंदू उजवीकडे ढकललेला. शस्त्रक्रिया करायची तर फॅक्टरची पातळी कितीतरी दिवस टिकवावी लागेल आणि हा फॅक्टर साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो. तेवढा साठा इथे नाही. आता कार्डावरच्या नंबरावर फोन लावला जातो.